रिकामा डबा

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला दिलेला दिवाळीचा डबा तिसऱ्या दिवशी परत आला. दाराच्या मुठीला कापडी पिशवी अडकवलेली, आत डबा, आईने घासला असता तरी एवढा लख्ख निघाला नसता असा. सोबत छोटं कार्ड, शाईच्या पेनाने लिहिलेलं: मनापासून आभार. आणि डबा रिकामा.

मी झाकण पुन्हा उघडून बघितलं. तळाला कागद असेल, कागदाखाली काहीतरी असेल. काही नव्हतं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचा डबा आला, तोही रिकामा. त्याला तर कार्डही नाही.

हसू नका. जर्मनीत स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला येऊन मला चार वर्षं झाली. रविवारी दुकानं बंद, दुपारच्या वेळी काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो, कुणाकडे जायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरवायची, वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर अपशकुन. सगळं पचवलं. रिकामा डबा मात्र पचेना. त्यातून माझ्या हातचा चिवडा गेला होता, शंकरपाळ्या गेल्या होत्या आणि करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वड्या. बेळगावचा कुंदा आणता येत नाही, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. म्हणून गणपतीला घरी, बेळगावला गेलो तेव्हा गोकाकचं करदंट आणलं होतं. शेवटचे सहा तुकडे मी पुरवून ठेवले होते आणि त्यातले चार वाटले. चार!

आईला फोन केला. "साखर तरी घालायची की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्यांना माहीत नसेल रे." माहीत नसेल हे मलाही कळत होतं. पण राग यायचा तो आलाच.

आमच्या स्वयंपाकघरात एक फळी होती, फक्त लोकांच्या डब्यांची. कुणाचा लोणच्याचा, कुणाचा पुरणपोळीचा. प्रत्येकाच्या तळाला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, त्यामुळे चुकायची सोय नाही. आत घालायला काही झालं नाही म्हणून महिना महिना पडून असायचे, पण रिकामा डबा कुणी कुणाच्या दारात नेला नाही. एकदा मी खेळायला जाता जाता एक तसाच नेऊन दिला, तर आजीने मला अर्ध्या रस्त्यातून परत पाठवलं, मूठभर शेंगदाणे घेऊन. म्हणजे डबा आधीच त्यांच्या घरी पोचलेला आणि मी मागाहून शेंगदाणे घेऊन उभा. ती लाज मला अजून आठवते. या जर्मन लोकांना ती वाटत नाही, याचाच राग जास्त असावा.

आम्ही बेळगावच्या कॅम्पात भाड्याने राहायचो तेव्हा शेजारी गोव्याकडचं ख्रिस्ती कुटुंब होतं. घरात कोकणी, आमच्याशी मराठी, दूधवाल्याशी कन्नड, मुलांना ओरडायला इंग्रजी. नाताळच्या सकाळी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर आंटी ताट पाठवायच्या. वर क्रोशाचा रुमाल, खाली नेवऱ्या, कुळकुळ, दोदोलाचे काळेभोर चौकोन आणि केक. केकमध्ये अंडं, म्हणून तो आजी स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून खायचो. आंटींना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण एका वर्षापासून केकची बशी वेगळी यायला लागली, "ही पोरांना" म्हणून. ताट दोन दिवसांनी चकल्या घालून परत जायचं. मग आम्ही गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, बघत फातिमा कॅथेड्रलपर्यंत हिंडायचो, आणि 31 तारखेला ओल्डमॅन, सरत्या वर्षाचा पुतळा. फाटक्या पँट-शर्टात गवत कोंबायचं, मुखवटा लावायचा, डबा वाजवत वर्गणी मागायची आणि रात्री बाराला पेटवायचा. आता तर गल्लोगल्ली जाळतात, पण कॅम्पातल्यांना तो आपलाच वाटतो.

हे सगळं मी इथल्या मराठी मंडळींत फार अभिमानाने सांगतो. पुण्याच्या लोकांना तर मुद्दाम, कारण ते मला "तू कर्नाटकातला ना?" असं विचारतात आणि बेंगळुरूचे "तू महाराष्ट्रातला ना?" असं. 1 नोव्हेंबरला इथे सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी असते, लोक कबरींवर दिवे लावतात. त्याच दिवशी माझ्या फोनवर एका ग्रुपवर कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्यावर बेळगावच्या मराठी लोकांचा काळा दिन. मी दोन्हीकडे गप्प. मग कुणी विचारलं की ताटाची गोष्ट सांगतो. बघा, पाट्यांवरच्या भाषेवरून कितीही भांडलो तरी आमच्याकडे ताटं जातात.

एक गोष्ट मात्र सांगायची राहते. इतकी वर्षं शेजारी राहून आम्ही आंटींच्या घरी एकदाही जेवायला बसलो नाही. बोलावलं असतं तर गेलो असतो. आजी नसती गेली, आम्ही गेलो असतो. त्यांनीही कधी बोलावलं नाही, आणि का नाही ते त्या केकच्या बशीत होतं. जाऊ दे.

तर इथल्या खालच्या आजी. तोंडावर आडनाव, मनात आजी. वय ऐंशीच्या पुढे, सुती ॲप्रन, कानाला यंत्र. आमच्या इमारतीत केरवोखे पाळतात. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपलाच वाटला, आणि अर्थही जवळजवळ आपलाच निघाला: केर काढायचा आठवडा. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी. त्याने जिना झाडायचा, पुसायचा आणि आठवडा संपला की पाटी पुढच्याच्या दारावर अडकवायची. स्टुटगार्टात 1714 मध्ये गल्ल्या साफ ठेवण्याचा हुकूम निघाला होता. बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हापासून हे लोक झाडतायत आणि शेजाऱ्याने नीट झाडलं का ते बघतायत. पहिल्या वर्षी मी कोपरे सोडले होते, तर आजींनी माझं दार वाजवून मला कोपरे दाखवले.

लक्ष्मीपूजनाला मी दाराबाहेरच्या फरशीवर रांगोळी काढली. वीतभर कमळ आणि दोन पावलं, फार काही नाही. त्या आठवड्याची पाटी आजींच्या दारावर होती हे ध्यानातच आलं नाही. शनिवारी सकाळी दूध आणायला निघालो तर जिना ओला, साबणाचा वास, आणि माझ्या दारासमोर हातभर चौकोन कोरडा. चारही बाजूंनी पोछा फिरवलेला, मधे रांगोळी तशीच. एका पावलाचं बोट तेवढं पाण्याने ओघळलं होतं, आणि ओघळ पुढे जाऊ नये म्हणून तिथे टिपकागदाची घडी ठेवलेली.

हे मी बघितलं, आणि खरं सांगायचं तर पुढे निघून गेलो. डबा शुक्रवारी आला होता. माझं डोकं डब्यात होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी गाठलं. "ते पुसायचं असतं की राहू द्यायचं असतं?" मी म्हटलं, रोज नवी काढायची असते, जुनी झाडून टाकली तरी चालते. त्यांना ते पटलं नाही. मला खाली नेलं आणि स्वतःच्या दाराची वरची चौकट दाखवली. तिथे खडूने लिहिलेलं: 20, मधे सी, एम, बी अशी अक्षरं, शेवटी 25. जानेवारीत मुलं राजांचे मुकुट घालून, काठीवर तारा लावून घरोघरी गाणी म्हणत येतात, गरजू मुलांसाठी पैसे गोळा करतात आणि चौकटीवर हे लिहून जातात. कास्पर, मेल्खिओर, बाल्थाझार या तीन राजांची ती आद्याक्षरं असं लोक म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो. हे गाव पूर्वापार प्रोटेस्टंट, आजी कॅथलिक, म्हणून इमारतीत त्यांचं एकच दार तसं. "आमचं वर्षभर राहतं," त्या म्हणाल्या. "पुसत नाहीत." माझ्या दोन पावलांना त्यांनी आपल्या खडूच्या हिशेबात धरलं होतं.

तरीही डबा रिकामाच होता, हे मी त्या वेळीही मनात म्हणालो.

नोव्हेंबरच्या अखेरीस इथला नाताळ बाजार भरला. मशालींचा उजेड, जुन्या काळचे वेश, गर्दी. गरम मसाल्याची वाइन घेतली की कपाचे पैसे वेगळे, कप परत दिला की पैसे परत. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवरही 25 सेंट अनामत. तिथे रांगेत, हातात चिकट कप घेऊन उभा असताना मला माझ्या डब्याचं कोडं सुटलं. या देशात भांडं परत करायचं म्हणजे रिकामंच करायचं. त्यात काही उरलं तर तो गलथानपणा. आजींनी तो डबा इतका का घासला होता, ते तेव्हा कळलं. रात्री आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "असू दे, पण साखर घालायची."

24 तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद झाली आणि मी दूध विसरलो होतो. बंद पुकारला की खडेबाजारात जो शुकशुकाट असतो, तोच, फक्त पोलीस नाहीत. प्रत्येक खिडकीत दिवे, प्रत्येक घरात आपापली माणसं, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. या संध्याकाळी इथे परक्याला बोलावत नाहीत. मला आता त्याचं वाईट वाटत नाही असं मी लिहिणार होतो. बिनदुधाचा चहा पीत कॅम्पातल्या गोठ्यांचे व्हिडिओ बघत बसलो होतो, तेव्हा न लिहिलेलंच बरं.

आजींचं बोलावणं मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच पत्रपेटीत पडलं होतं. 26 तारीख, दुपारी 3 वाजता, कॉफी. मी दोन पन्नासला जिन्यात उतरलो आणि दहा मिनिटं पायरीवर बसलो, लवकर जाणंही उद्धटपणाच. हातात तोच स्टीलचा डबा, आत करंज्या. करंजी म्हणा, नेवरी म्हणा. माझ्या सारणात थोडी जायफळ होती, आंटींच्या असायची तशी.

आत झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटलेल्या आणि झाडाशेजारी पाण्याने भरलेली बादली. खिडकीखाली गोठा. लाकडी मेंढ्या, खरं शेवाळ, एका गाढवाचा कान डिंकाने चिकटवलेला. बेळगाव सोडल्यापासून मी एवढ्या जवळून गोठा बघितला नव्हता. घसा दाटला, तो लपवायला मी घाईघाईने काहीतरी बोलायला गेलो आणि म्हणालो, आमच्याकडे 31 तारखेला म्हाताऱ्याला जाळतात. आजींनी कानाचं यंत्र नीट केलं. "कुठल्या म्हाताऱ्याला?" मग मला गवत, मुखवटा, वर्गणी सगळं समजावून सांगावं लागलं. त्या खूप हसल्या, पण नंतर दोनदा विचारलं, नक्की गवताचाच ना.

मग त्यांनी डबा उलटा करून तळाचे ठिपके दाखवले. दिवाळीपासून त्यांना प्रश्न पडला होता, हा कारखान्याचा नंबर आहे का. मी म्हटलं, बाबांचं नाव आणि लग्नाची तारीख, डबा फिरून घरी यावा म्हणून. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तोंडातून गेलंच: फक्त तो रिकामा यायचा नसतो.

आजी लाल झाल्या. मी तिप्पट लाल झालो. चार करदंटांसाठी ऐंशी वर्षांच्या बाईला खजील केलं. त्या उठून आत गेल्या आणि पत्र्याचा मोठा डबा घेऊन आल्या. आत गुट्सले, म्हणजे इकडची नाताळची बिस्किटं. चंद्रकोरीसारखी व्हॅनिलाची, आणि श्प्रिंगरले, लाकडी साच्यात दाबून उमटवलेल्या चित्रांची, बडीशेपेसारख्या वासाची, पहिल्या दिवशी दगडासारखी. "हा डबा मला परत हवाय," त्या म्हणाल्या. पुढचं बोलल्या नाहीत.

सात जानेवारीला त्यांच्या चौकटीवर 25 च्या जागी 26 दिसला. त्याच दिवशी पत्र्याचा डबा चिवडा घालून खाली गेला. आठवड्याने सफरचंदाचा केक घालून वर आला. मी उपमा भरून दिला, तो त्यांनी सूप समजून पाणी घालून गरम केला. त्या बदल्यात बीटाचं लोणचं आलं. मी बेसनाचे लाडू दिले. मसूर आणि नूडल्स आले. वरच्या जोडप्याला या प्रकाराचा पत्ता नाही, ते जिन्यातून जाताना आमच्याकडे संशयाने बघतात. माझं वजन वाढलं. आता फेब्रुवारी संपत आला आणि डबा माझ्याकडे आहे, सहा दिवस झाले. घरात पोहे नाहीत, डाळ संपली, अर्धा पुडा रवा आहे. ऑफिसात रोज उशीर होतोय.

आईला विचारलं. "साखर घाल की," ती म्हणाली.

जर्मन बाईला पत्र्याच्या डब्यात चमचाभर साखर कशी द्यायची, आणि ती धुवायची की ठेवायची हे त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? या आठवड्यात केरवोखे माझी आहे. शनिवारी पाटी अडकवायला खाली जायचंच आहे. तोवर रवा भाजून बघतो.