कमरेचा संधिवात आणि दुखण्याचे वेळापत्रक

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, अहवालात ‘झीज’ निघाली, कोणीतरी ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगितले आणि त्या दिवसापासून माणसाने वाकणे, चालणे, उचलणे सगळे सोडून दिले, असे माझ्या ओळखीच्या घरांत मी वारंवार पाहत आलो आहे. वास्तविक चाळिशी ओलांडलेल्या आणि कमरेची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असे बदल सर्रास आढळतात. म्हणून अहवालाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष दुखणे केव्हा वाढते आणि कशाने उतरते याकडे द्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मधे पुढच्या बाजूला गादी असते आणि मागे डावी-उजवीकडे एकेक छोटा सांधा. हे सांधे गुडघ्यासारखेच असतात. त्यांनाही गुळगुळीत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे लवचीक अस्तर असते, वंगण असते. वय वाढते तसे गादीतले पाणी कमी होते, ती चपटी होते, मागच्या सांध्यांवर जादा भार येतो, कूर्चा झिजते आणि कडेने हाड वाढू लागते. हाच कमरेचा झिजेचा संधिवात. सर्वांत खालच्या दोन जोडांवर हा ताण अधिक पडतो. सांधे मागच्या बाजूला असल्यामुळे मागे झुकले किंवा फार वेळ उभे राहिले की ते दाबले जातात, आणि बसले किंवा थोडे पुढे वाकले की बहुधा आराम पडतो.

दिंडोरीकडे आमच्या मोठ्या काकूंची द्राक्षबाग आहे. विरळणीच्या दिवसांत मांडवाखाली हात वर, मान वर आणि कंबर मागे कललेली, अशा अवस्थेत त्या तासन्‌तास घडातले मणी कात्रीने काढत असत आणि संध्याकाळी त्यांची कंबर धरत असे. सकाळी आखडलेली कंबर मात्र चहा होईपर्यंत सुटायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना एक पाय विटेवर ठेवून उभे राहायला, काही वेळाने पाय बदलायला आणि अधूनमधून बांधावर बसून घ्यायला सांगितले. या बदलाने त्यांना गोळ्यांपेक्षा जास्त आधार दिला.

त्याच घरातल्या माझ्या चुलत भावाचे दुखणे अगदी उलट होते. वय तिशीच्या आतले, पहाटे दुखण्याने जाग यायची, उठल्यावर कंबर तासभर लाकडासारखी ताठ असायची आणि बागेत कामाला लागल्यावर मोकळी व्हायची. विश्रांती घेतली की उलट वाढायची. ही लक्षणे झिजेची नव्हेत. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दाहक, म्हणजे सांध्यांना आतून सूज आणणाऱ्या संधिवातात असे होते. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो आणि त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांबरोबर संधिवाततज्ज्ञाकडेही जावे लागते. ‘शेतात फार राबतो म्हणून दुखते’ या समजुतीत अशा मुलांची वर्षे वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. दाह वेळीच आटोक्यात आणणारी औषधे आज उपलब्ध आहेत.

झिजेच्या दुखण्यात पूर्ण अंथरूण धरणे नुकसानीचे ठरते, कारण पोटाचे, पाठीचे आणि नितंबांचे स्नायू सैल पडले की सगळा भार पुन्हा सांध्यांवरच येतो. रोज झेपेल तेवढे सपाट रस्त्यावर चालणे, शिकून घेतलेले व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणे आणि कंबर आखडेल तेव्हा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. गोदाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्यांत कमरेला पट्टा बांधलेली मंडळी दिसतात. पट्टा थोड्या दिवसांसाठी ठीक आहे, त्याची कायमची सवय मात्र नको. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय होतो आणि रक्तदाबही वाढू शकतो. नाव-गाव नसलेल्या वाताच्या पुड्यांपासून तर दूरच राहावे, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळलेले आहे.

चालताना पाय भरून येत असतील आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर मोकळे होत असतील, तर नसांची वाट अरुंद झाली आहे का हे तपासून घ्यावे. कंबरदुखीसोबत ताप येत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद एकाएकी गेली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.