भगव्या शेवया आणि डाऊनीचं एक प्रथिन

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी डाऊनीचंच, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाचंच, एक प्रथिन घेतलं. आमची द्राक्षबाग पिंपळगावजवळ. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की घरात दुसरा विषयच नसतो. डाऊनीचा जंतू द्राक्षाच्या पानात काही प्रथिनं सोडून वेलाची प्रतिकारशक्ती दाबतो. त्यातल्या एकाची रचना, म्हणजे त्याची घडी कशी पडते ते, मला संगणकावर काढायची होती.

"स्विस-मॉडेलवर टाक," सगळे सीनियर म्हणाले. गंगापूर रोडच्या खोलीवर बसून प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम टाकला. हा सर्व्हर आधी रचना माहीत असलेलं जवळचं प्रथिन शोधतो आणि त्या साच्यावर आपलं बसवतो. माझ्या क्रमाला सापडलेला साचा जेमतेम १९ टक्के जुळत होता, तोही साठेक अमिनो आम्लांपुरता. ३० टक्क्यांखाली साच्यावर फार भरवसा ठेवत नाहीत. तरी चित्र मात्र झकास आलं होतं, आणि मी ते रिपोर्टात चिकटवणारच होतो! सीनियरांचं काम झालं कारण त्यांची प्रथिनं ओळखीच्या एन्झाइम घराण्यांतली होती.

आय-टासर या रचना वर्तवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला नोंदणीसाठी संस्थेचा ईमेल लागत होता. आमच्याकडे सगळ्यांचे जीमेल. विषय संपला.

मग अल्फाफोल्ड सर्व्हर, एआयनं रचना वर्तवणारा. गूगलचं लॉगिन, दिवसाला ठरावीक जॉब, आणि काही मिनिटांत उत्तर. उजवीकडे निळी घट्ट वेटोळी, डावीकडे भगव्या शेवया. भगवा म्हणजे पीएलडीडीटी, म्हणजे त्या जागेबद्दल मॉडेलला असलेल्या खात्रीचे शंभरपैकी गुण, ५० च्या खाली. मला वाटलं, सर्व्हरच चुकला. म्हणून कोलॅबफोल्ड या दुसऱ्या ऑनलाइन साधनावर लावलं. मध्येच लाइट गेली, वायफाय बंद, सेशन तुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, तर त्याच शेवया. दोन सर्व्हरांचं एकमत म्हणून मी खूश झालो, पण कोलॅबफोल्डच्या पोटातही अल्फाफोल्डच आहे, फक्त आधीची आवृत्ती, अल्फाफोल्ड २. भावाची साक्ष भावानं दिल्यासारखं.

मॅडमनी चित्र बघून एवढंच विचारलं, "सिग्नल पेप्टाइड काढलंस का?"

नव्हतं काढलं. प्रथिन पेशीबाहेर जाताना सुरुवातीचा तो तुकडा कापला जातो. माझ्यात पहिली २२ अमिनो आम्लं. ती काढली तरी पुढचा भाग भगवाच राहिला. या गटातल्या प्रथिनांचा सुरुवातीचा भाग मुळात सैलच असतो, म्हणजे शेवया हेच तिथलं उत्तर होतं. उरलेल्या घट्ट भागाची पीएलडीडीटीची सरासरी ७८ आली.

व्हायव्हाला रामचंद्रन आलेख (प्रथिनाच्या साखळीतले कोन शक्य आहेत का ते दाखवणारा) जोडलाच, मद्रासच्या १९६३ च्या कामाचा मान म्हणून. पण घडी पूर्ण चुकलेलं मॉडेलही त्यात पास होऊ शकतं, हे परीक्षकांनी विचारायच्या आत मीच सांगून टाकलं.

घरी बाबांना मोबाइलवर चित्र दाखवलं.

"हे भगवं काय?"

"ते नुसतं लोंबतंय, बाबा."

"मग औषध कशाला लागतं, निळ्याला का भगव्याला?"

म्हटलं, प्रोजेक्ट तिथवर जात नाही. त्यांनी मोबाइल परत दिला आणि फवारणीच्या ब्लोअरची टाकी भरायला गेले.