तिकडे बांधाची भांडणं होत नाहीत का?

सुट्टीला गावी गेले की ओसरीवर कोणीतरी हमखास विचारतं, "तिकडं इंग्लंडात बांधावरून भांडत नाहीत का गं?" आमच्या घरी हा प्रश्न हलका नाही. माझ्या चुलत्यांची अठरा वर्षं मोजणी, तारखा आणि पुन्हा मोजणी यात गेली. विचारलंत म्हणून नीट सांगते.

पूर्वी तिथंही गावाचं शिवार मोकळं असे आणि त्यात प्रत्येकाचे लांबट पट्टे विखुरलेले असत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कायदे करून बहुतेक ठिकाणी ही पद्धत मोडली, जमिनी सलग केल्या, झुडपांची कुंपणं घातली. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्सटन हे गाव मात्र यातून वाचलं. तिथल्या दोन मोठ्या जमीनदारांचं जमिनीच्या अदलाबदलीवर जुळलंच नाही, हे त्याचं मोठं कारण.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्यातच थांबले. घरं सगळी गावठाणात एकमेकांना लागून, शेतं बाहेर शिवारात, अगदी आपल्यासारखी. इंग्लंडात एरवी शेतकऱ्याचं घर त्याच्या रानात एकटं असतं. इथं तीन मोठी शेतं आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं पीक, तिसरं पड, अशी पाळी फिरते. १६३५ साली मार्क पियर्स या मोजणीदाराने गावाचा एकेक पट्टा नकाशावर उतरवला; तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. पट्टे पुढं एकत्र करून रुंद केले, पण पद्धत तीच राहिली.

आणि भांडणं? त्यासाठी कोर्ट लीट आहे, म्हणजे गावचं शेतकी न्यायालय. त्याला आजही कायद्याचा अधिकार आहे. हिवाळ्याच्या तोंडाला शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच गहू पेरलेल्या शेतात उतरतात. पट्ट्यांमध्ये आपल्यासारखा उंच बांध नाही. मी रस्त्यावरून पाहत होते: एकानं लाकडी खुंटी धरली, दुसऱ्यानं हातोडा घातला, तिसरा लांब उभा राहून हातानं "थोडं डावीकडं" सांगत होता. चिकट तांबड्या मातीनं सगळ्यांचे बूट जड झालेले. कोणी वाटेत किंवा सामाईक गवताच्या पट्टीत नांगर घातला असेल तर तिथंच टिपून घेतात. मग पुढच्या आठवड्यात गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट बसतं आणि दंड लावतं. रक्कम किरकोळ असते. पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं, आणि माझ्या मते खरा धाक त्याचाच असावा.

तिथं जमीन कुळं कसतात, मालक वेगळा, हे मी चुलत्यांना आधीच सांगितलं. वाटण्यांचा गुंता तिथं आपल्यासारखा नाही. तरी त्यांनी खुंटीचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. "मोजायला साहेब नाही आला?"

नाही काका. शेजारचेच आले होते.