अन्नसुरक्षेची नोकरी: लाख, दोरा, थर्मामीटर आणि पाणी

परभणीला फूड टेक्नॉलॉजी किंवा उदगीरला डेअरी टेक्नॉलॉजी करणाऱ्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो: 'एफडीएत जायचं तर काय करावं लागतं?' एफडीए म्हणजे अन्न व औषध प्रशासन. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा टीव्हीवरची धाड असते. दिवाळीच्या तोंडावर पकडलेला टेम्पो, रस्त्यावर ओतलेलं दूध, मागे हाताची घडी घालून उभे असलेले साहेब. धाडी पडतात, त्यात खोटं काही नाही. पण वर्षाच्या कामात त्यांचा वाटा थोडा. बाकी सगळं पाणी, तापमान आणि कागद. आणि माल खरोखर खराब असूनही आरोपी सुटतो, तेव्हा चूक सहसा कागदातच निघते.

इंग्लंडमध्ये 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ ऑफिसर' नावाचा एकच माणूस हॉटेलचं स्वयंपाकघर, उंदीर, सांडपाणी असं सगळं बघतो. आपल्याकडे तेच काम तुकड्यातुकड्यांनी वाटलेलं आहे. अन्नाचा परवाना आणि नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे, गटार आणि कचरा नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाकडे, विहिरीचं पाणी ग्रामपंचायत आणि आरोग्य सेवकाकडे, विषबाधेचे रुग्ण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. जंतूंना ही वाटणी ठाऊक नसते. त्यामुळे या क्षेत्रात मुरायचं असेल तर नोकरी कुठल्याही खात्यात असो, बाकीच्यांचं काम कसं चालतं ते माहीत हवंच.

पात्रतेचं आधी उरकून घेऊ. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला फूड, डेअरी किंवा ऑइल टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांपैकी एखादी पदवी, नाहीतर रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा वैद्यकीय पदवी चालते. साध्या बीएस्सी केमिस्ट्रीवर होत नाही, आणि हे अनेकांना फॉर्म भरायच्या दिवशी कळतं. भरती एमपीएससीतून होते, निवडीनंतर ठरवून दिलेलं प्रशिक्षण. प्रयोगशाळेतला अन्न विश्लेषक ही वेगळी वाट आहे. तिथे शिक्षणाबरोबर अन्न तपासणीचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो आणि एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, परीक्षा पास व्हावी लागते.

कायदा एकच नीट वाचायचा: अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा गेला. जुनी माणसं अजून 'पीएफए'च म्हणतात, तेवढं समजून घ्यायचं.

आता खरं काम, म्हणजे नमुना. दुधाचंच उदाहरण घेऊ. डेअरीवर कॅन उघडल्या उघडल्या वरून दूध काढायचं नाही. साय आणि स्निग्धांश वर आलेले असतात, तळाला पातळ राहतं. स्वच्छ, कोरड्या मापाने वर-खाली करून दूध आधी एकजीव करायचं आणि तसं केल्याचं पंचनाम्यात लिहायचं. ही एक ओळ राहिली की बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. माप ओलं होतं का, कोणी पुसलं, कशाने पुसलं, असली उलटतपासणी वर्षानुवर्षं चालते.

एकूण २ लिटर दूध विकत घ्यायचं. विकत म्हणजे विकत, पैसे देऊन पावती घ्यायची. विक्रेत्याला नमुना घेत असल्याची लेखी नोटीस, म्हणजे फॉर्म ५-अ, आधीच द्यायची. मग ५०० मिलीच्या ४ स्वच्छ, कोरड्या बाटल्या. दुधात फॉर्मालिन घालायचं ते २५ मिलीला २ थेंब या हिशोबाने, म्हणजे अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलीत ४० थेंब. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो. फॉर्मालिन विसरलं तर प्रयोगशाळेत पोहोचतं ते दही, आणि त्याचा अहवाल काय येणार! मात्र जंतूंच्या तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यात फॉर्मालिन चुकूनही जाता कामा नये, कारण शोधायचे तेच जंतू मरतात. तो नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पेटीत न्यायचा. दोन्ही प्रकारचे नमुने एकाच फेरीत घेणार असाल तर बाटल्या ऑफिसातूनच वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन निघा.

सील करणं हे कारागिरीचं काम आहे, नवीन माणसाचा हात त्यात बसायला वेळ लागतो. झाकण घट्ट, त्यावर लेबल, मग जाड कागदात गुंडाळून टोकं आत दुमडून डिंकाने चिकटवायची. पदावधित अधिकाऱ्याची (डेझिग्नेटेड ऑफिसर, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरचा साहेब) सही आणि सांकेतिक क्रमांक असलेली चिठ्ठी तळापासून वरपर्यंत पूर्ण फिरवून चिकटवायची. विक्रेत्याची सही किंवा अंगठा असा घ्यायचा की अर्धा चिठ्ठीवर येईल आणि अर्धा कागदावर. नंतर दोरा उभा-आडवा बांधून लाखेची किमान ४ सीलं: एक वर, एक तळाला, दोन अंगावर. दोऱ्याची गाठ सीलखाली गेली पाहिजे. गाठ उघडी राहिली तर बाटली न फोडता दोरा सोडता येतो, म्हणजे सील असून नसल्यासारखं.

या ४ भागांपैकी एक अन्न विश्लेषकाकडे जातो. सोबत फॉर्म ६, म्हणजे विश्लेषकाच्या नावाचं नमुन्याचं पत्र, आणि त्याच फॉर्मची प्रत सीलच्या ठशासह वेगळ्या पाकिटातून. दोन भाग पदावधित अधिकाऱ्याकडे राहतात. चौथा, विक्रेत्याने तशी मागणी केली तर, त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, नाहीतर तोही पदावधित अधिकाऱ्याकडेच. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर विक्रेता ३० दिवसांत अपील करू शकतो, आणि मग राखून ठेवलेल्या भागाला महत्त्व येतं. तो भाग उन्हात तापलेल्या कपाटात पडून असेल तर पुढे बोलायला फारसं काही उरत नाही. सर्वेक्षणासाठी घेतलेल्या नमुन्यावर खटला उभा राहत नाही, हेही ध्यानात ठेवायचं. कायदेशीर नमुना वेगळा, सर्वेक्षणाचा वेगळा.

अहवालात 'कमी दर्जाचा', 'मिथ्याछाप' आणि 'असुरक्षित' हे शब्द येतात. गायीच्या दुधात स्निग्धांश ३.२ टक्क्यांपेक्षा किंवा बाकीचे घनपदार्थ ८.३ टक्क्यांपेक्षा कमी निघाले तर ते कमी दर्जाचं. त्याला ५ लाखांपर्यंत दंड, पण तुरुंग नाही. लेबल खोटं असेल तर ३ लाखांपर्यंत. असुरक्षित ठरलं की मामला फौजदारी होतो, आणि अशा अन्नाने कोणाचा मृत्यू झाला तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप. पेपरात सरसकट 'भेसळ' छापून येतं. अधिकाऱ्याने तो शब्द जपून वापरावा, कारण पाणी घातलेलं दूध आणि युरिया घातलेलं दूध कायद्याच्या लेखी एक नव्हे. आणि नुसत्या लॅक्टोमीटरवर विसंबायचं नाही. साय काढून पाणी घातलं तर काटा बरोबर जागेवर येतो, गवळ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भूम-वाशीकडच्या खव्यात पिष्ट (स्टार्च) मिसळलंय का, हे जागेवर पाहायचं असेल तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून, पूर्ण गार करून आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर पिष्ट आहे. गरम असताना टाकलं तर रंग येत नाही आणि खोटा माल खरा ठरतो.

आता मराठवाड्याचा खास विषय, भगर. नवरात्र, आषाढी, महाशिवरात्र आली की कुठून ना कुठून भगरीच्या विषबाधेची बातमी येतेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत आमटी-भगरीच्या महाप्रसादानंतर मोठ्या संख्येने लोक आजारी पडले होते. भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्यं सोडते. शिजवल्याने बुरशी मरते, पण आधीच तयार झालेलं विष जाईलच असं नाही. पीठ जास्त धोक्याचं, कारण दळल्यावर ओल लवकर धरते. पावसाळ्यानंतरची दमट हवा, गोणी थेट फरशीवर, गेल्या उपवासाचा उरलेला माल या उपवासाला, आणि दळण सगळ्यांचं एकाच चक्कीत. किराणा दुकानात गेल्यावर आधी गोणीखाली फळी आहे का ते बघा, मग खरेदीचं बिल मागा. सुटं पीठ विकत असेल तर पाकीटबंद माल ठेवायला सांगा, त्यावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि पॅकिंगची तारीख हवी.

पण प्रत्येक वेळी दोष भगरीचाच असतो असं धरून चालू नका. ५० लिटरच्या पातेल्यातली आमटी रात्री ११ ला उतरवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाढली, तर पातेल्याचा मधला भाग रात्रभर कोमट राहतो. उकळीतून वाचलेल्या बीजाणूंना तेवढं पुरतं. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान म्हणजे जंतूंचा सुगीचा काळ. म्हणून अन्न ६० च्या वर राहू द्या, नाहीतर दोन इंच जाडीच्या थरात परातींमध्ये पसरून लवकर गार करा. परत गरम करताना मधोमध ७५ अंश झाले पाहिजेत. कडेला बुडबुडे आले म्हणजे मध्य तापला, असं नसतं.

विषबाधेच्या गावी गेल्यावर पहिलं काम यादी. कोण आजारी, किती वाजता जेवला, किती वाजता पहिली उलटी किंवा जुलाब. जेवल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफिलोकोकस किंवा बॅसिलस सेरियसच्या विषाचा संशय घ्या. ८ ते १६ तासांनी पोटात कळा आणि जुलाब असतील तर क्लॉस्ट्रिडियम. त्याहून उशीर आणि सोबत ताप असेल तर साल्मोनेला. आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारा, हा भाग हमखास राहतो. समजा भगर खाल्लेल्या ८० जणांपैकी ५६ आजारी पडले, म्हणजे ७० टक्के, आणि न खाल्लेल्या ४० पैकी ४, म्हणजे १० टक्के. सात पटींचा फरक दिसला की बोट भगरीकडे जातं. हाच हिशोब आमटीचा, ताकाचा, पाण्याचा वेगळा करायचा. उरलेलं अन्न बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठवल्यावर क्लॉस्ट्रिडियम मरतो आणि अहवाल कोरा येतो.

पाण्याच्या बाबतीत एक गंमत घडते. घटना संध्याकाळची, आणि रात्रीतून ग्रामपंचायतीचा शिपाई टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओततो. सकाळी घेतलेला नमुना एकदम पिण्यायोग्य! त्यामुळे टाकीबरोबर लोकांच्या घरातलं भरून ठेवलेलं पाणी, टँकरचा तळ आणि स्वयंपाकाजवळचा ड्रम यांचेही नमुने घ्या. बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेत क्लोरीन काम करत राहतं.

एरवी हिशोब सोपा आहे: १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. त्यात ३३ टक्के क्लोरीन असेल तर लिटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम पडतं. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ टाकायचं, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा दम उन्हाळ्यात झपाट्याने जातो, आणि मग ५ ग्रॅमचं माप पाळूनही रंग येत नाही. टँकरवर जगणाऱ्या गावात हॉटेल तपासताना फ्रीजच्या आधी ही टेस्ट करा. रसवंतीवर बर्फाचा रंग बघा. राज्यात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा लागतो, तरी पांढऱ्या लाद्या भुशात लोळत येतातच.

सरकारी जागा थोड्या आणि वाट लांब, म्हणून खासगी बाजूही सांगतो. लातूरच्या डाळ मिल, सोयाबीन तेलाचे कारखाने, वसमत-हिंगोली-नांदेडचा हळदीचा व्यापार, पैठणचा मेगा फूड पार्क, सगळीकडे कागदपत्रं आणि ऑडिट सांभाळणारा माणूस लागतो. हळदीत भेसळीला वापरले जाणारे लेड क्रोमेट आणि मेटॅनिल यलो हे पिवळे रंग, तळणीच्या तेलात २५ टक्क्यांची टीपीसी (टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) मर्यादा, एवढ्या गोष्टी पाठ असतील तर मुलाखतीत अडत नाही. पगाराची सुरुवात किरकोळ असते, हे मात्र खरं.

पहिला पगार झाला की एक चांगला प्रोब थर्मामीटर स्वतःचा घ्या आणि दर आठवड्याला तपासा. ठेचलेला बर्फ गच्च भरून, वर थोडं पाणी घालून ढवळा. काटा शून्यावर आला पाहिजे. उकळत्या पाण्यात तपासलंत तर १०० ची वाट बघू नका. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. हे माहीत नसल्याने चांगले थर्मामीटर बिघडलेले म्हणून बाजूला पडतात, किंवा कोणीतरी ते ओढूनताणून १०० वर आणून ठेवतं आणि पुढची प्रत्येक नोंद दोन अंशांनी जास्त येते.