तुम्ही विचारलंत म्हणून : हळद किती द्यायची?

शहापूरच्या लग्नात, निपाणीच्या बसमध्ये, खानापूरहून आलेल्या फोनवर प्रश्न एकच. "ताई, तुम्ही विसरण्याच्या रोगावर काम करता, हळदीवरही केलंय. मग आईला दुधातून किती द्यायची?" दोन वाक्यांत उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा पडतो. म्हणून एकदा सविस्तर.

चमचाभर म्हणजे ३ ग्रॅम हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिचा पिवळा घटक, असतं साधारण ९० मिलिग्रॅम. त्यातलं फारच थोडं रक्तात टिकतं, कारण आतड्याची भिंत आणि यकृत त्याचं रूप लगेच बदलून टाकतात. आम्ही प्रयोगशाळेत पेशींवर ते १० मायक्रोमोलार (द्रावातलं प्रमाण मोजायचं एकक) घालतो. तेवढं मेंदूत पोचवणं कपभर दुधाचं काम नाही. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली, २०१२ साली ती छापून आली. काहींना रोज २ ग्रॅम, काहींना ४ ग्रॅम कुरकुमिन, बाकीच्यांना खोटी गोळी. गुण आला नाही.

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात!" हो, म्हणाले होते, की अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे तंतू कुरकुमिन होऊ देत नाही. ते या प्रयोगावरून.

अ‍ॅमिलॉइड-बीटा ४२ हेच ते प्रथिन. त्याची भुकटी आधी एचएफआयपी या द्रावकात विरघळवून वाळवायची, मग जराशा डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात घेऊन थंड बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावात) मिसळायची. जुन्या गुठळ्या राहिल्या तर त्या विरजणासारखं काम करतात आणि घड्याळ लावायच्या आतच तंतू धरायला लागतात. ९६ खाचांची काळी प्लेट, खाचेत १० मायक्रोमोलार अ‍ॅमिलॉइड, २० मायक्रोमोलार थायोफ्लेविन-टी, तापमान ३७ अंश. हा रंग तंतूंना चिकटला की चमकतो. ४४० नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा, ४८० वर चमक मोजायची. साध्या खाचांत रेघ बराच वेळ सपाट राहिली, मग झपकन चढली. कुरकुमिनच्या खाचांत ती उठलीच नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. तो आलेख मी एका व्याख्यानात दाखवला. मराठीत बोलले, म्हणून लोकांना कळलं, आणि लक्षातही राहिलं.

पुढे एकदा तंतू आधी पूर्ण तयार होऊ दिले आणि मग कुरकुमिन घातलं. पहिल्याच मापनात चमक कोसळली, मिनिटही झालं नव्हतं. तयार तंतू मिनिटात विरघळत नाहीत. कुरकुमिन स्वतःच ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, हळद पिवळी दिसते ती त्यामुळेच. थायोफ्लेविनपर्यंत जाणारा प्रकाश ते वाटेतच गिळत होतं. द्राव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला तर तळाशी गाळ बसला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तोच गाळ पाहिला: लांबलचक तंतू, एकमेकांत गुंतलेले. साध्या खाचांपेक्षा थोडे कमी असतीलही, पण छातीठोकपणे सांगण्याइतके नाहीत.

कंट्रोल (तुलनेसाठीच्या चाचण्या) नव्हते असं कुणी म्हणू नये. एकट्या कुरकुमिनची चमक मी वजा केली होती. त्याने खाल्लेला प्रकाश असा वजा होत नाही, हे मात्र सुचलं नाही. शिवाय सीरम (रक्तातला पातळ द्रव) नसलेल्या बफरमध्ये ३७ अंशांवर सुमारे ९० टक्के कुरकुमिन अर्ध्या तासात मोडतं. मग उरलेले कित्येक तास त्या खाचेत काम कोण करत होतं? हे छापील माहितीत होतं आणि मी वाचलेलंही होतं. उत्तर हवं तसं येत होतं, म्हणून आठवलं नाही.

मग सगळंच फोल? तसंही म्हणवत नाही. सीरम असलेल्या माध्यमात कुरकुमिन बरंच टिकतं, पेशींमध्ये काहीतरी करतंही. ते काय, आणि मेंदूत काय, यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.

तुमच्यापुरतं सांगते. आमटीत हळद घाला, काही बिघडत नाही. मिरीच्या सत्त्वासह येणाऱ्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो, शेजारी कन्नडात 'अरवत्तक्के अरळू मरळू' म्हणतात, आणि आईचं विसरणं वयावर घालून मोकळे होतो. आधी तिचं बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. त्या कमतरतेतून आलेलं विसरणं उपचाराने सुधारू शकतं. रिपोर्ट हातात आला की फोन करा, मग हळदीचंही बोलू.