सोलापूर पायी दाखवताना : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा गाड्यांचा. आजोबा विणकर होते. घरातला माग सगळ्यांना पुरेना, तेव्हा वडिलांनी स्टिअरिंग धरलं. सोलापूर स्टेशनवर उतरलेल्या भाविकांना अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर करून आणायचं आणि रात्रीच्या गाडीला परत स्टेशनवर सोडायचं, हे काम आधी त्यांनी केलं, पुढे मी. गावाच्या चहूबाजूंना देवस्थानं असल्यामुळे गाडी फारशी रिकामी उभी राहिली नाही. पण या सगळ्या प्रवासात सोलापूर म्हणजे नाश्त्याला थांबायचं ठिकाण. जाताना एखादी चादर, पाव किलो शेंगाचटणी, झालं. आपलं गाव असं खिडकीतून मागं जाताना बघणं मला फार लागायचं.

त्यातूनच पायी फेऱ्यांची कल्पना आली. घरच्यांचा पहिला प्रश्न सरळ होता : "नुसतं चालायचे पैसे कोण देईल?" पुढे कित्येक महिने गिऱ्हाइकांनीही हेच विचारलं. आम्ही फुकट फेरी मात्र कधी ठेवली नाही. वाटेत जे मामा माग थांबवून आम्हाला वेळ देतात, ज्या अक्का विड्या वळता वळता बोलतात, त्यांचा तेवढा वेळ म्हणजे त्यांची मजुरी असते. ती आमच्या फीतून दिली जाते. हा हिशेब पहिल्या दिवसापासून पक्का ठेवला आणि आजही तोच आहे.

पहिली फेरी आखली ती भुईकोट किल्ल्याची. किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. चांदबीबीच्या लग्नात हा किल्ला निजामशाहीने आदिलशाहीला आंदण दिला, आणि पुढे त्याच्यासाठी दोन्ही शाह्या भांडत राहिल्या. 1818 मध्ये इंग्रज जनरल मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. आम्ही लोकांना तटाजवळ नेऊन हात लावायला लावतो. भिंतीत मध्येच एखादा कोरीव दगड आडवा बसवलेला दिसतो. तो जुन्या देवळाचा असतो. असा एक दगड दाखवला की पुढचे लोक आपले आपण शोधतात, मुलं तर हातच सोडत नाहीत. एक दगड देवळातून तटात कसा गेला असेल, यावर आजोबा आणि नातू तिथंच वाद घालत बसलेले मी पाहिले आहेत. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही.

किल्ल्यातून तलावाकाठी, तिथून सिद्धेश्वराच्या देवळात. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. त्यांनी गावाभोवती 68 लिंगं स्थापली. खरं तर पायी फेरीची आखणी त्यांनीच करून ठेवली आहे, आम्ही फक्त तिच्यामागून चालतो. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वजाच्या मानाच्या काठ्या या लिंगांची प्रदक्षिणा करतात. बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच, जड नंदीध्वज पेलत निघतात आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा घोष उठतो. सिद्धरामांशी लग्नाची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह झाला, ही कथा. संमती कट्ट्यावर दरवर्षी त्याच लग्नाच्या अक्षता पडतात. सगळी 68 लिंगं एका दिवसात करणं बाहेरच्या माणसाला झेपत नाही, म्हणून आम्ही त्यांचे टप्पे पाडले. यात्रेच्या गर्दीत मात्र आम्ही फेरी नेत नाही. तो उत्सव भाविकांचा. फेरी आधी किंवा नंतर.

दुसरी फेरी 1930 ची, आणि माझा जीव सर्वांत जास्त तिच्यात आहे. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. 8 मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. पुढचे काही दिवस गावात इंग्रजांची सत्ता उरलीच नव्हती. लोकांनी गाव स्वतः सांभाळलं. मग मार्शल लॉ लागला आणि तिरंगा लावणंसुद्धा गुन्हा ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्मा चौकातून रोज हजारो माणसं जातात. सिग्नल सुटायची वाट बघतात. आम्ही तिथं चारही नावं मोठ्याने, एकेक करून उच्चारतो. नावांवरून कळतं, हे गाव कोणाकोणाचं आहे. एकदा एका शाळेची सहल आली होती. एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गल्लीचं नाव या फेरीत आलं." मंगळवार पेठेतला होता. त्या मुलाला मी पुढे चालायला लावलं आणि त्याच्या गल्लीपर्यंत त्यानेच आम्हाला नेलं.

तिसरी फेरी पूर्व भागाची. इथं माझं घर आहे. तेलंगणातून पोट घेऊन आलेले आम्ही पद्मशाली, विणकर समाजाचे. घरात तेलुगू, बाजारात कानडी, शाळेत मराठी. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या बाजूला चालताना मागाचा खडखडाट आधी ऐकू येतो, घर नंतर दिसतं. आमचे एक मामा अजून हातमागावर बसतात. पायाने पावडी दाबली की ताण्याचे धागे वर-खाली होतात, त्यातून आडवा धागा घेऊन धोटा सटकन पलीकडे जातो. हे सगळं इतक्या चटकन होतं की लोक पुन्हा करायला सांगतात. मामाही करून दाखवतात. मग पॉवरलूमच्या शेडमध्ये जकार्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावरची चादर. चादर उलटी करून दाखवली की बघणारे थक्क होतात. या बाजूला लालावर पांढरं असलेलं फूल त्या बाजूला पांढऱ्यावर लाल. खरी सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरता येते ती यामुळेच. तिला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर कुठलीही चादर खपवली जाते. ही फेरी केलेला माणूस पुन्हा फसत नाही, एवढी खात्री मी देतो.

तिथून दोन गल्ल्या पुढे अक्का विड्या वळत बसलेल्या असतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मापात कापलेली तेंदूची पानं. बोलताना त्यांची नजर आमच्याकडे आणि बोटं कामात. फोटो काढण्याआधी विचारायचं, हा आमचा नियम. नाही म्हणाल्या तर नाही.

मधल्या काळात एका मोठ्या टूर कंपनीने काम देऊ केलं होतं. तुळजापूरला जाताना अर्ध्या तासात "सगळं सोलापूर", बसमधून न उतरता. पैसे बरे होते. आम्ही नाही म्हणालो आणि ते वर्ष ओढाताणीत काढलं. 2020 चं टाळेबंदीचं वर्ष त्याहून कठीण गेलं. एक गाडी विकावी लागली. उरलेल्या गाड्यांवरच फेऱ्यांचा खर्च निघाला.

सोलापूरचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च ते जून फेरी पहाटे सुरू होते आणि नाश्त्याच्या वेळेला संपते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडून.

सुरुवातीला वाटलं होतं, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतील. आले, येतातही. पण आमचे निम्म्याहून जास्त लोक सोलापूरचेच निघाले. लग्न होऊन पुण्याला गेलेली लेक आईवडिलांना घेऊन येते. जुळे सोलापूर या नव्या वस्तीत वाढलेली मुलं पहिल्यांदाच जुन्या गावातली बाळीवेस बघतात. वाटाड्येही त्यांच्यातूनच मिळाले. आता आमच्याकडे मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चारही बोलींत फेरी होते. ज्या पेठेची फेरी, त्या पेठेतला वाटाड्या, यावर मी अडून बसतो.

सध्या गिरण्यांची फेरी जुळवतो आहोत. मुरारजी गोकुळदास यांनी 1877 मध्ये काढलेली जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. भोंग्यावर गावाची घड्याळं लागायची, ते दिवस स्वतः पाहिलेली माणसं आता थकली आहेत. त्यांच्याकडून पाळीचं, खात्याचं, संपाचं ऐकून घेतोय. ज्यांना चालवत नाही ते रिक्षात बसून येतात आणि गिरणीच्या भिंतीपाशी उतरून सांगतात. तुमच्या घरात कोणी गिरणीत काम केलेलं असेल तर त्यांना घेऊन या, त्यांची फी आम्ही घेत नाही.

नारळी पौर्णिमेला आम्हा पद्मशालींच्या मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो. त्या दिवशी सकाळची पूर्व भागाची फेरी रथाच्या वाटेनेच काढणार आहोत. माणसं मोजकीच घेऊ. गल्ल्या अरुंद आहेत, आणि रथाला वाट आधी.