दात पांढरे करण्याआधी दात तपासून घ्या

मागच्या वर्षी तुळशीचे लग्न लागून गेल्यावर माझ्या भाचीच्या लग्नाची घाई सुरू झाली होती. लग्नाला दहा दिवस उरले असताना एका रात्री ती आरसा हातात घेऊन माझ्या खोलीत आली आणि वरचा ओठ बोटाने उचलून म्हणाली, "मावशी, हे बघ ना काय झालंय." समोरच्या दोन दातांच्या वर, हिरडीच्या अगदी कडेला, चुन्याचे बोट ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटली होती आणि तिथे जीभ लागली तरी चुरचुरत होते. तिने घरबसल्या दात पांढरे करायचा एक संच मागवला होता. त्यात जेलची सिरिंज, दातांवर बसवायचा, सगळ्यांना एकाच मापाचा ट्रे आणि तोंडात धरायचा निळा दिवा होता. सूचनेत वीस मिनिटे लिहिली होती. लवकर फरक पडावा म्हणून तिने तो ट्रे तासभर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दंतवैद्यांकडे गेलो तोपर्यंत ती रेघ बरीचशी विरली होती. जेलमधले दात उजळणारे रसायन, म्हणजे पेरॉक्साइड, हिरडीला लागले की ती अशी पांढरी पडते, आणि डाग हलका असेल तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत भरून येतो, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्यांनी खोके उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "यात पेरॉक्साइड किती टक्के आहे?" खोक्यावर गुलाबी अक्षरांत बरेच काही छापलेले होते, पण टक्केवारी कुठेही नव्हती. घरी वापरायच्या अशा कोणत्याही वस्तूबद्दल माझी पहिली अट तेव्हापासून हीच आहे की ज्या जेलवर औषधाचे नाव आणि प्रमाण छापलेले नाही ते तोंडात घालू नये.

हे प्रमाण समजून घेणे अवघड नाही. घरगुती वापरासाठी दंतवैद्य बहुधा 10 टक्क्यांचे कार्बामाइड पेरॉक्साइड देतात. तोंडात त्याचे विघटन होऊन साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, ते दाताच्या वरच्या आवरणातून म्हणजे एनॅमलमधून आत झिरपते आणि रंग देणारे रेणू तोडते. रात्री ट्रे घालून झोपण्याची ही पद्धत 1989 मध्ये अमेरिकेतील हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी प्रसिद्ध केली आणि तिच्यावर तेव्हापासून भरपूर अभ्यास झालेला आहे. युरोपीय संघात 2012 पासून 0.1 ते 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने थेट ग्राहकाला विकता येत नाहीत. पहिला वापर दंतवैद्याच्या देखरेखीखाली व्हावा लागतो आणि 18 वर्षांखालील मुलांसाठी ती वापरता येत नाहीत. आपल्याकडे मात्र मोबाइलवर चार वेळा बोट फिरवले की सिरिंज दारात येते, त्यामुळे ही काळजी आपली आपणच घ्यावी लागते.

त्या तपासणीत खरी महत्त्वाची गोष्ट निराळीच निघाली. भाची लहानपणी सायकलवरून पडली होती, तेव्हा समोरच्या एका दाताचा तुटलेला कोपरा दाताच्याच रंगाच्या मसाल्याने भरला होता, हे आम्ही सारे विसरून गेलो होतो. पेरॉक्साइडने फक्त नैसर्गिक दात उजळतो. भरलेला भाग, कॅप किंवा व्हीनियर म्हणजे दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा, यांचा रंग आहे तसाच राहतो. तिने तो संच नेटाने पूर्ण केला असता, तर लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात तो कोपरा पिवळा दिसला असता. किडलेला दात, उघडी पडलेली मुळे किंवा सुजलेल्या हिरड्या असतील, तर आधी त्यांवर उपचार करावे लागतात. एकच दात काळसर झाला असेल, तर त्याची नस मेलेली असू शकते, आणि तिथे घरगुती जेल लावत बसण्यात वेळ घालवू नये. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हा सोपस्कार पुढे ढकलणे बरे.

दात पिवळे का झाले, हे आपल्या भागात तर आधी विचारलेच पाहिजे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने मुलांच्या दातांवर तपकिरी चट्टे पडतात. ते जेलने फार तर थोडे फिकट होतात. आमच्या आजीचे दात मशेरीने काळवंडले होते. दात साफ होतात या समजुतीने तंबाखू भाजून हिरड्यांवर चोळण्याची ही सवय अजून अनेक घरांत आहे, आणि दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर 1992 पासून बंदी असली तरी घरच्या तव्यावर कोण लक्ष ठेवणार? तिथे दात उजळण्याच्या आधी मशेरी सुटली पाहिजे, कारण प्रश्न तोंडाच्या कर्करोगाचा आहे.

लिंबू आणि मीठ, खाण्याचा सोडा, कोळशाची पूड या उपायांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. लिंबातील आम्लाने एनॅमल मऊ पडते आणि त्यावर लगेच मीठ घासले की ते झिजते. एनॅमल पुन्हा वाढत नाही, त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर असते, म्हणून पहिले चार दिवस दात स्वच्छ भासले तरी वर्षभराने ते अधिक पिवळे दिसतात आणि गार पाण्यानेही कळ येते.

भाचीने लग्न होऊ दिले आणि फेब्रुवारीत तिच्या दातांचे माप घेऊन ट्रे करून घेतला. प्रत्येक दाताच्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढेच जेल घालायचे, ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेले जेल बोटाने पुसायचे आणि सकाळी चूळ भरायची, एवढेच तिला शिकवले होते. चौथ्या रात्रीनंतर दातांत कळा येऊ लागल्या, तेव्हा तिने दोन रात्री सुट्टी घेतली आणि कळ शमवणारी, पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरली. त्या दिवसांत तिने चहा कमी केला आणि हळदीचा रस्सा व कोकमाचे सार टाळले. चौदा रात्री पूर्ण झाल्या, तरी समोरचा कोपरा लगेच बदलला नाही, कारण दातांचा रंग स्थिरावायला आणि नवा मसाला नीट चिकटायला साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. मार्चमध्ये तो कोपरा नव्या रंगाला जुळवून भरला, आणि आता कुठला दात सायकलवरून पडताना तुटला होता, हे मलाही ओळखता येत नाही.